मास्तरांचा धावदोरा

गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर, व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांच्याकडे कोणी नवीन माणूस शिकायला आला, त्यातून केस पिकलेला असला, की बाई लगेच हो म्हणत नाहीत. त्याला खिडकीशी नेतात, समोरचं शिवणकामाचं दुकान दाखवतात आणि म्हणतात, "आधी तिथं जाऊन मास्तरांना भेटून या. मग आपण बोलू."

माणूस बुचकळ्यात पडतो. व्हायोलिन शिकायचं तर शिंप्याकडे कशाला जायचं? पण बाईंचा चेहरा चेष्टेचा नसतो. मग तो जिना उतरतो, रस्ता ओलांडतो आणि दुकानाच्या दारात उभा राहतो. मास्तर आत उंच स्टुलावर बसलेले असतात. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, मांडीवर कुणाचा तरी अर्धा कोट. "बाईंनी पाठवलंय," असं म्हटलं की मास्तर ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढतात आणि टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचतात. तोवर त्या माणसाला वाटू लागतं, आता काही तरी मोठं ऐकायला मिळणार.

मास्तर विचारतात, "घरात कोण कोण असतं?"

"बायको आहे. मुलगी आहे."

"त्यांना सांगितलंत?"

"अजून नाही. म्हटलं, जरा यायला लागलं की सांगू."

"आधी सांगा," मास्तर म्हणतात. "तुम्हाला नुसतं वाजवायचं आहे. त्यांना ऐकायचं आहे. त्यांचं काम जास्त अवघड."

हे मास्तरांना कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही.

मास्तरांचं सगळं आयुष्य या दुकानात गेलं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वडील शिवत होते, त्यांच्यामागून हे शिवू लागले. कोट ही त्यांची खासियत. बोलणं बेताचं. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर घेतला तर आकडा मोठ्याने उच्चारणार नाहीत, मनातच ठेवतील. त्यामुळे पोट सुटलेली माणसं लांबून लांबून त्यांच्याकडे येत. पण त्यांचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. उसवण्यासाठी. खांद्याशी एक टाका वाकडा पडला की मास्तर सबंध बाही उसवत. मग गिऱ्हाईक दारात उभं असो, नाही तर त्याची गाडी सुटायची असो. एकदा एक डॉक्टर कोट न्यायला आले आणि बनियनवर ताटकळत बसले. कळवळून म्हणाले, "अहो मास्तर, कुणाला दिसणार आहे तो टाका?"

"मला दिसतो ना," मास्तर म्हणाले आणि उसवत राहिले.

शिवणाऱ्याला उसवायची लाज नसावी, असं त्यांचे वडील म्हणत. मास्तरांनी ते गाठीला बांधून ठेवलं होतं, आणि त्यात त्यांचं कधी नुकसान झालं नव्हतं.

पुढे डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, लांबचं लख्ख दिसू लागलं. समोरच्या इमारतीवरची कबुतरं मोजता येऊ लागली. पण काळ्या कापडावरची काळी शिवण काही दिसेना. मग मशीनवर सून बसू लागली. तिला मास्तरांनीच तयार केलं होतं आणि तिचा हात चांगला होता. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवतो. त्याला सुईपेक्षा स्टिअरिंग बरं वाटलं, ते एका परीनं सगळ्यांनाच बरं झालं. मास्तरांकडे मापं घेणं राहिलं, खडूने आखणं राहिलं, आणि धावदोरा घालणं राहिलं. धावदोरा म्हणजे कच्ची शिलाई. कोट पक्का शिवण्याआधी पांढऱ्या दोऱ्याने मोठेमोठे टाके घालून तो नुसता जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचा, आणि मग पक्कं काम करायचं. पांढरे टाके मास्तरांना दिसत. तेवढं काम सकाळीच संपे. उरलेला दिवस ते दारात बसून हातांकडे बघत. आयुष्यभर कधी रिकामे न राहिलेले हात आता मांडीवर पाहुण्यासारखे अवघडून बसलेले असत.

दुकानाचं दार आणि बाईंची खिडकी अगदी समोरासमोर. मशीनची घरघर चालू असे तेव्हा व्हायोलिन नुसतं कानावरून जाई. आता मास्तर ते ऐकू लागले. कोणता विद्यार्थी कुठे अडतो ते त्यांना कळू लागलं. "आज सोमवारचा पोरगा तिथंच घसरला," असं ते जेवताना सांगत. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणते, म्हणायची, "मग तुम्ही जाऊन सावरा त्याला. इथं बसून वरणाला काय सांगताय."

ती चेष्टेत म्हणाली, पण मास्तरांच्या मनात ते रुतून बसलं. एका दुपारी बाईंचा दुरुस्त केलेला कोट पोचवायच्या निमित्ताने ते वर गेले. कोट दिला. तरी तिथंच उभे राहिले.

"अजून काही होतं का मास्तर?" बाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे सहजच. माझ्या वयाच्या माणसाला येतं का हे?"

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "रोज थोडं थोडं कराल का?"

"रोज एका जागी बसायची सवय आहे मला."

बाई हसल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "खरं सांगू का, माझ्याकडे जागा नाही. मुलं नाव घालून थांबलीत. पण एक जागा थोड्या दिवसांसाठी रिकामी आहे. वर्षाच्या शेवटी याच खोलीत सगळ्या विद्यार्थ्यांची बैठक असते. प्रत्येकानं एक चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. तोवर तुम्ही या. त्या दिवशी एक चाल शेवटाला नेलीत, तर जागा तुमची. नाही जमलं, तर मी ती एखाद्या मुलाला देईन. राग मानू नका."

"राग कसला. माप घेतल्याशिवाय मी तरी कुठं कापतो?"

खाली येताना जिन्यात मास्तरांचा पाय हलका पडत होता. घरी मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. पहिली चूक तीच. दुसरी लगेच पाठोपाठ आली. शिकायचं तर वाद्य हवं, म्हणून ते बाईंना न विचारता जुन्या बाजारात गेले आणि एक व्हायोलिन घेऊन आले. मग मांजरपाट नको, रेशमी अस्तर हवं, असं करत त्याला स्वतःच्या हातांनी एक खोळ शिवली. मशीनच्या टिपा तेवढ्या सुनेकडून मारून घेतल्या. बाहेरून कोटाचं उंची कापड, आतून मऊ अस्तर, वाजवायच्या गजाला वेगळा कप्पा, कोपऱ्यांना दुहेरी शिवण. तोवर घरात अर्थातच ते सगळ्यांच्या नजरेला आलं.

"हे काय बाळंतविडा शिवताय?" मास्तरीण म्हणाली.

"व्हायोलिन शिकणार आहे."

"कोण?"

"मी."

मास्तरणीनं खोळीच्या अस्तरावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं. माझी दुपारची झोप गेली म्हणायची."

पहिल्या दिवशी बाईंनी खोळ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आतून हात फिरवला. "फार सुंदर झाली आहे," त्या म्हणाल्या. मग आतलं व्हायोलिन बाहेर काढून त्यांनी तार ताणायची खुंटी पिळली. खुंटी गरकन फिरून परत आली. दुसरीही तशीच. तारांखालची घोडी वाकलेली, पाठीला चीर. बाईंनी ते हलकेच टेबलावर ठेवलं. "खोळ ठेवू या," त्या म्हणाल्या. "वाद्य मी माझ्याकडचं देते. मास्तर, कापड घ्यायच्या आधी गिऱ्हाईक तुम्हाला विचारतं ना, किती लागेल म्हणून?"

मास्तर ओशाळले. गिऱ्हाईक न विचारता कापड घेऊन आलं की ते स्वतः घरात चार दिवस बडबडत.

पुढचे महिने कसे गेले ते गल्ली सांगेल. व्हायोलिनमधून सुरुवातीला सूर निघत नाही, कुरकुर निघते. जुन्या दाराच्या बिजागरीसारखी. बाईंनी बजावलं होतं, रोज थोडाच वेळ, पण रोज. मास्तरांना वाटलं, थोडा वेळ हे लहान मुलांना सांगायचं झालं. पहिल्याच दिवशी ते जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत वाजवत बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना खांदा वर करून सदरा घालता येईना. "पी हळद नि हो गोरी," मास्तरीण बाही ओढून देत म्हणाली.

तारांनी डाव्या हाताची बोटं सोलवटली. उजव्या हाताचं मधलं बोट सुई ढकलून ढकलून दगडासारखं झालेलं, पण ते इथं काही कामाचं नव्हतं. डाव्या हातानं जन्मभर नुसतं कापड धरलेलं. एका दुपारी घरात कोणी नाही असं बघून मास्तरांनी शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते पत्र्याचं अंगुस्तान डाव्या बोटात घातलं आणि तार दाबली. पत्र्यावर चमचा ओढावा तसा आवाज निघाला. आतून मास्तरीण म्हणाली, "काय पडलं?" ती घरातच होती.

त्यानंतर मास्तरांनी व्हायोलिनच्या तारांखालच्या पट्टीवर खडूने खुणा केल्या, कुठे कोणतं बोट ठेवायचं त्याच्या. बाईंना भीत भीत दाखवल्या. त्या म्हणाल्या, "हे मात्र चांगलं केलंत. पण खडू पुसला जाईल, बारीक पट्ट्या चिकटवू." मास्तरांना इतका आनंद झाला की घरी येऊन त्यांनी ते दोनदा सांगितलं.

हळूहळू कुरकुर कमी झाली. मग बाईंनी त्यांना बैठकीसाठी एक चाल दिली. साधी, चार ओळींची. "पहिली ओळ जिना चढते," बाई म्हणाल्या, "दुसरी गच्चीवर फिरते, तिसरी जरा वाट चुकते आणि चौथी घरी येते." मास्तरांना ती फार आवडली. मशीनवर बसत असताना वर्षानुवर्षं त्यांनी ती तुटक तुटक ऐकली होती.

घोड्यानं पेंड खाल्ली ती इथं. मास्तर पहिल्या ओळीपासून सुरू करत. एखादा सूर जरा घसरला, गजाचं टोक थरथरलं, की त्यांचा हात थांबे. आपोआप थांबे. आणि ते पुन्हा पहिल्या सुरापासून सुरू करत. चूक झाली की उसवायचं. पुढे जायचंच नाही. हात दुसरं काही जाणतच नव्हता. असं करत करत त्यांची पहिली ओळ घोटून घोटून आरशासारखी झाली. दुसरीही बऱ्यापैकी. तिसरीत, जिथं ती वाट चुकते, तिथं एका तारेवरून दुसऱ्या तारेवर उडी होती. तिथं मास्तरांची रोज एक तरी चूक व्हायची, आणि ते परत जिना चढायला लागायचे.

"आलं," आतून आवाज यायचा. "ये रे माझ्या मागल्या."

घरात, शेजारी, सगळ्यांना ती अडीच ओळींची चाल पाठ झाली. सकाळी पेपर टाकणारा ती शिट्टीवर वाजवत जाई आणि बरोबर तिथंच थांबे. पुढे काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

"मला हिचा शेवट सांगा तरी," एकदा मास्तरीण वैतागून म्हणाली. "भांडी घासताना डोक्यात येते नि तिथंच लटकते. शिंक यावी यावी म्हणताना येऊ नये, तसं होतं मला."

"बसू दे आधी. अजून नीट बसली नाही."

"तुमचं नमनालाच घडाभर तेल चाललंय."

बाईंनाही ते दिसत होतं. एकदा त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्यासारखी पहिली ओळ माझ्या एकाही विद्यार्थ्याची नाही. पण मी अजून तुमची चौथी ओळ ऐकलेली नाही."

"चूक ठेवून पुढं जाववत नाही हो बाई."

"मग बैठकीत तुम्ही एकटे नका वाजवू. भिंगरीबरोबर वाजवा. दोघं मिळून, तीच चाल."

भिंगरी म्हणजे बाईंच्या वरच्या मजल्यावरची मुलगी. दुधाचे दात पडून नवे अर्धेच आलेले. एका जागी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती वाजवायची तेव्हासुद्धा एक पाय हलत असे. तालमीच्या पहिल्या दिवशी दोघांनी बरोबर सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत मास्तरांचा गज भलत्या तारेला लागला. ते थांबले आणि परत पहिल्यापासून सुरू झाले. भिंगरी पुढे निघून गेली होती. थोड्या वेळानं तिचं संपलं आणि ती मास्तरांकडे बघत उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही परत मागे गेलात?"

"चुकलं ना गं माझं."

"माझं पण चुकलं. कितीतरी वेळा."

"मग थांबली का नाहीस?"

भिंगरीला प्रश्नच कळला नाही. "थांबून काय करायचं? ते तर गेलं."

त्यानंतरच्या प्रत्येक तालमीत तेच. भिंगरी पुढे, मास्तर मागे. ती बिचारी त्यांच्यासाठी थांबून पाहू लागली. मग तिचंही बिघडू लागलं. "आजोबा, पळा की," ती म्हणायची. शेवटच्या तालमीला ती थकून खुर्चीवर बसली आणि काहीच बोलली नाही. मास्तरांना तेच जास्त लागलं. आपली जागा जाते ती जातेच, पण या पोरीचा दिवसही आपण बिघडवणार, हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंचं व्हायोलिन मऊ फडक्यानं पुसलं, गज कप्प्यात घातला, खोळीची बटणं लावली आणि ती दुकानाच्या टेबलावर ठेवली. मास्तरीण चहा घेऊन आली, ती बघतच राहिली.

"हे कुठं निघालं?"

"परत द्यायला. जागा एखाद्या पोराला मिळेल. साठी उलटून किती वर्षं झाली, आता कशाला हट्ट."

मास्तरांना वाटलं, बायको म्हणेल, सुटले एकदाची. इतके महिने तीच कुरकुरत होती. पण तिनं कप टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "मग माझ्या चौथ्या ओळीचं काय?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. कचेरीतले एक साहेब, अंगानं भरलेले, कोटाच्या ट्रायलसाठी. कोट मास्तरांनी पांढऱ्या धावदोऱ्यानं जोडून ठेवला होता. साहेबांना आरशासमोर उभं करून त्यांनी तो हलकेच त्यांच्या अंगावर चढवला. साहेबांनी मान वळवून पाहिलं.

"मास्तर, हा डावा खांदा वर गेलाय."

"गेलाय."

"मग काढा ना तो आधी."

"आत्ता नाही उसवायचा साहेब. हे कच्चं आहे. आधी सबंध कोट अंगावर बसू द्या. बटण लावा. हात पुढे करा. आता बसून बघा. हां. खांद्याची चूक खांद्यात नाही, पाठीत आहे. नुसता खांदा उसवत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती."

साहेब खूश होऊन गेले. सून मशीनवर बसली होती. पाय पेडलवर, पण मशीन थांबलेलं. ती सासऱ्यांपुढे सहसा जास्त बोलत नाही. बोलली तर कामाचं बोलते.

"बाबा, एक म्हणू?"

"म्हण."

"खांदा चुकलेला दिसला, तरी तुम्ही उसवला नाहीत."

"अगं, धावदोरा आहे तो. पूर्ण घातल्याशिवाय कळतं का कुठं ओढतंय ते?"

"मग व्हायोलिनला पहिल्याच ओळीपासून पक्की टीप कशाला मारताय?" ती म्हणाली. "चालसुद्धा एकदा सबंध अंगावर चढवून बघा की. खांदा वर गेला तर गेला."

आणि तिनं मशीन सुरू केलं, जणू काही बोललीच नव्हती.

मास्तर टेप गळ्यात तसाच ठेवून उभे राहिले. चहावर साय धरली. रोज सकाळी ते हाच धावदोरा घालत होते, रोज गिऱ्हाइकांना समजावत होते की कच्च्याला भिऊ नका. मग ते खोळ उचलून आतल्या खोलीत गेले.

त्यांनी खोलीचं दार लावलं नाही. पहिली ओळ वाजवली. दुसरी वाजवली. तिसरीत गज भलत्या तारेला लागला. हात थांबला, सवयीनं थांबला. मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "कच्चं आहे," आणि पुढचा सूर घेतला. तो बेसूर आला. त्याच्या पुढचाही. चौथी ओळ तर त्यांनी कधी घासलीच नव्हती. ती लंगडत, ठेचकाळत, एका ठिकाणी अगदी मांजरासारखी ओरडत घरी आली. पण आली.

दारात मास्तरीण उभी होती. हात ओले, खांद्यावर फडकं.

"संपलं?"

"संपलं."

"म्हणजे अशी संपते होय," ती म्हणाली. "मला वाटायचं वर जाईल. ही तर खाली येऊन बसते." जरा थांबून म्हणाली, "बरं वाटलं. परत वाजवा."

"फार वाईट झालं गं."

"ते मला कळतंय. परत वाजवा."

बैठक त्याच दिवशी दुपारी होती. बाईंच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, दाराशी लहान लहान बुटांचा ढीग, खिडकी उघडी. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता. सुनेनं येण्याआधी त्याची कॉलर ब्रशनं झाडून दिली. ती आणि मास्तरीण मागच्या रांगेत बसल्या. मुलं एकेक करून वाजवून गेली. एक पोरगं मध्येच विसरलं, भांबावलं आणि आईकडे पळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आजोबा," भिंगरी कुजबुजली, "आज मी थांबणार नाही हं."

"नको थांबूस."

दोघं उभे राहिले. पहिली ओळ जिना चढली. ती इतकी स्वच्छ आली की मागच्या रांगेत कुणी तरी मान वर करून पाहिलं. दुसरी गच्चीवर फिरली. तिसऱ्या ओळीतली ती उडी आली, आणि मास्तरांचा गज पुन्हा भलत्या तारेला लागला. किरकिर सगळ्यांना ऐकू गेली. हात थांबला.

भिंगरी पुढे गेली. पाय हलवत, आपल्या तंद्रीत.

मास्तरांची नजर मागच्या रांगेत गेली. मास्तरीण खुर्चीच्या काठावर येऊन बसली होती, आणि तिचे ओठ पुढचा सूर धरून होते. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते. चाल कुठवर पोचली ते मास्तरांना तिच्या तोंडावरून दिसलं. लांबचं त्यांना लख्ख दिसत असे. त्यांनी गज टेकवला आणि भिंगरीला मधेच गाठलं. चौथ्या ओळीत ती एकदा अडखळली, ते नाही. मग ते अडखळले, ती नाही. शेवटच्या सुराशी भिंगरी आधी पोचली. मास्तर मागून, एकटेच, पोचले. खोलीत सगळे हसले, आणि मास्तरही हसले. लोक असे हसलेले त्यांना पूर्वी कधी चालले नसते.

सगळे पांगल्यावर बाई त्यांच्याकडे आल्या.

"मास्तर, तिसऱ्या ओळीत..."

"हो बाई, चुकलं. तारच चुकली."

"ते मी विचारत नाहीये. मंगळवारी येताय ना नेहमीसारखे?"

मास्तरांनी खोळीचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. "मंगळवारी दोन ट्रायल आहेत," ते म्हणाले. "बुधवारी चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "आता जागा तुमचीच आहे, वार कोणताही घ्या."

त्यालाही आता बराच काळ लोटला. मास्तर काही मोठे वादक झाले नाहीत. त्यांना पाच-सहा चाली येतात, त्यातल्या दोन चांगल्या येतात. तिसऱ्या ओळीतली ती उडी त्यांना अजूनही कधी साधते, कधी नाही. जुन्या बाजारातलं ते पहिलं व्हायोलिन दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं आहे, आणि नवीन माणसाला घरच्यांचं विचारून झालं की ते तेच दाखवतात. "विचारल्याशिवाय घेतलं," एवढंच म्हणतात. मग बोटं दुखतील म्हणतात, अंगुस्तान घालू नका म्हणतात, रोज थोडं करा पण खांदा धरेल एवढं करू नका म्हणतात. काही माणसं तेवढ्यावरच आभार मानून निघून जातात आणि परत येत नाहीत. मास्तरांना त्याचं काही वाटत नाही. माप देऊन गेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक कोट शिवून घेतंच असं नाही.

परवा असंच एक जण आला, नुकताच निवृत्त झालेला, मोठ्या उत्साहात. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि चुकलं तर?"

मास्तरांनी मांडीवरचा कोट उचलून त्याच्या हातात दिला. पांढरे, लांबलांब, वेडेवाकडे टाके. "हे बघा," ते म्हणाले. "आधी सबंध असं घालायचं. पक्कं मागाहून."

त्या माणसानं टाके निरखले आणि कोट परत मास्तरांच्या मांडीवर ठेवला. आत स्वयंपाकघरात मास्तरीण भांडी घासता घासता ती चाल गुणगुणत होती. चौथ्या ओळीचा शेवट ती नेहमी चुकीचा म्हणते, खाली आणायच्या ऐवजी वर नेते. मास्तरांनी कान देऊन ऐकलं. मग ओठांत टाचण्या धरल्या आणि पुढचा टाका घातला.